मन उतरलेलं असताना शरीराकडून सुरुवात

‘केळं खा, सेरोटोनिन वाढेल. डार्क चॉकलेट खा, डोपामाइन वाढेल. मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढेल. हसा, एंडॉर्फिन वाढेल.’ चार ओळींचा हा मेसेज गेल्या पावसाळ्यात मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘यातलं मला नेमकं काय कमी पडलंय गं?’

मावशी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मे महिन्यात निवृत्त झाली आणि आषाढ लागेपर्यंत तिचं कशातच मन लागेनासं झालं. जेवण होत होतं, औषधं वेळेवर घेत होती, पण वाचनालयाचं पुस्तक उघडावंसं वाटत नव्हतं. फोन वाजला तरी ‘नंतर करते’ म्हणून बाजूला ठेवायची. अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, कधी ते माणूस आपणच असतो. त्यांच्या हातात असले मेसेज पडतात तेव्हा मला काळजी वाटते. केळं खाऊन काही झालं नाही की ती समजतात, दोष आपल्यातच आहे.

म्हणून हा विषय मुळापासून बघू. मन हलकं करणाऱ्या साध्या गोष्टी खरोखर आहेत. त्या काम का करतात हे समजलं, तर कोणती कधी करायची हेही कळतं.

## त्या मेसेजमध्ये खरं काय आहे?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. सेरोटोनिन आणि डोपामाइन ही त्यातलीच दोन. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

केळ्यात सेरोटोनिन असतं हेही खरं. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा असतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा यादीत नाव नसलेल्याला आत सोडत नाही, तसा तो रक्तातल्या सेरोटोनिनला मेंदूत जाऊ देत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यांमध्येच असतं आणि तिथे ते पचनाचं काम करतं. केळं पोटभरीचं, स्वस्त आणि चांगलं फळ आहे. मन बदलायला मात्र ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणंही अपुरं आहे. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. आधी खूण दिसायची आणि मग फळांचा रस मिळायचा. माकडं हे शिकल्यावर त्यांच्या डोपामाइनच्या पेशी रस मिळताना नव्हे, खूण दिसतानाच जाग्या होऊ लागल्या. पाणीपुरीच्या गाडीवर आपल्या आधीच्या माणसाची प्लेट संपत आली की आपल्याला जे होतं, ते डोपामाइनच्या जास्त जवळचं. ते अपेक्षेचं आणि शिकण्याचं रसायन आहे. मनासाठी हा मुद्दा मोलाचा आहे, त्याच्याकडे पुढे येईन.

आणि ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ हा सरळ हिशेब संशोधकांनी कधीच मागे टाकला आहे. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा त्यांना या समजुतीला ठोस आधार सापडला नाही. ती बातमी वाचून काही लोकांनी नैराश्यावरच्या गोळ्या आपणहून बंद केल्या. हे फार धोक्याचं आहे. औषध नेमकं कोणत्या वाटेने काम करतं हा एक प्रश्न, आणि ते उपयोगी पडतं का हा दुसरा. सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

## रोज थोडं मागे पडणारं घड्याळ

आमच्या आजोबांकडे किल्लीचं घड्याळ होतं. रोज ते थोडं मागे पडायचं आणि रोज आजोबा आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टोल ऐकून काटा पुढे सरकवायचे. आपल्या डोक्यातही असंच घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे, सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका असतो. झोप कधी यावी, अंग कधी तापावं, भूक कधी लागावी, पहाटे अंगात तरतरी कधी भरावी, याची वेळ तो ठरवतो. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा जरा मोठं असतं, सरासरी साधारण दहा मिनिटांनी. म्हणून ते रोज लावावं लागतं.

ते लावतो सकाळचा उजेड. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र बघणं हे नाही. बाहेर किती उजेड आहे ते मोजायचं आणि त्या ठिपक्याला कळवायचं, हे त्यांचं काम. आपण डोळ्यांनी जग बघतो तसं शरीर डोळ्यांनीच वेळही बघतं. २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना मिळालं, आणि त्यांचं काम चिलटासारख्या फळमाशीवर झालेलं होतं. इतकी जुनी आणि खोल ही व्यवस्था आहे.

सकाळचा उजेड डोळ्यांपर्यंत आलाच नाही की घड्याळ सरकत जातं. रात्री बारापर्यंत झोप नाही, सकाळी उठवत नाही, दुपारभर डोकं जड. त्यात मन उतरायला वेगळं कारण लागत नाही.

उजेडाचा मनाशी थेट धागाही आहे. ऑस्ट्रेलियात गॅव्हिन लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १०१ निरोगी पुरुषांच्या मेंदूकडून परतणाऱ्या रक्ताचे नमुने तपासले. मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सगळ्यात कमी आणि त्या-त्या दिवशीच्या उन्हाप्रमाणे वाढणारी दिसली. हा अभ्यासही २००२चाच. केळ्याने जे साधत नाही, त्याची वाट अंगणातून जात असावी असं यातून दिसतं.

## ‘पण आमच्याकडे पावसाळ्यात ऊनच कुठे असतं?’

मावशीने हेच विचारलं. मी तिच्याकडे गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि माजघरात दिवा लागलेला होता. कोकणात पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला प्लास्टिक बांधतात. तिचंही निळं प्लास्टिक मृगापासून वरपासून खालपर्यंत ताणलेलं. सगळं घर त्या निळ्या अंधारात. दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे, त्यांचा कुबट वास, आणि मावशी आतल्या खाटेवर.

उजेड मोजण्याचं माप म्हणजे लक्स. मोबाईलवर त्याचं ॲप मिळतं. त्याचं मोजमाप ढोबळ असतं, पण फरक कळायला पुरेसं. माजघरात दिव्याखाली आकडा पन्नासच्याही आत. प्लास्टिकमागच्या पडवीत दोनशेच्या आसपास. छत्री घेऊन तुळशीपाशी गेले, ढग अगदी डोक्यावर टेकलेले, रिमझिम सुरू, आणि आकडा सहा हजारांच्या वर. मावशीने फोन हातात घेऊन दोनदा आत-बाहेर केलं. तिला खरं वाटेना.

वाटणार नाहीच, कारण डोळा फार चटकन जुळवून घेतो. त्याला घरातला आणि बाहेरचा उजेड थोडाच वेगळा भासतो, प्रत्यक्षात फरक कित्येक पटींचा असतो. स्वच्छ उन्हात सुमारे एक लाख लक्स, भरून आलेल्या आभाळाखाली काही हजार ते दहा हजार, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते तीनशे. म्हणजे पावसाळी अंगणसुद्धा आपल्या हॉलपेक्षा फार उजळ असतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऋतूप्रमाणे येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये केलं, ते उत्तरेकडच्या थंड देशांतल्या लहान, अंधाऱ्या दिवसांवरून. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेले होते आणि तिथल्या हिवाळ्यात आपल्यात होणारा बदल त्यांना जाणवला होता. आपल्याकडे जुलैतला दिवस मोठाच असतो, म्हणून आपल्या पावसाळी उदासीला तो आजार म्हणता येणार नाही. पण उजेड कमी पडण्याचं गणित तेच आहे, कारण पावसाळ्यात आपण दिवस मोठा असूनही घरात कोंडून राहतो.

मग करायचं काय? उठल्यापासून तासा-दोन तासांत वीस-तीस मिनिटं उघड्या आभाळाखाली. गच्ची, अंगण, गॅलरी, दुधाच्या केंद्रापर्यंतची वाट, काहीही चालेल. सूर्याकडे बघायचं नाही, त्याने डोळ्यांना इजा होते. बाहेर असणं एवढंच पुरतं. अंथरुणातून न उठणाऱ्या आजारी माणसाची खाट तरी खिडकीला लावा.

मावशीने त्या दिवशी प्लास्टिकचं पूर्वेकडचं टोक सोडलं आणि खुर्ची तिथे ओढली. चहा तिथे घ्यायचा, एवढंच ठरलं.

## चालल्याने मनाला काय होतं?

व्यायामानंतर बरं वाटतं ते एंडॉर्फिनमुळे, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. रक्तातलं एंडॉर्फिनही त्याच पहाऱ्यावर अडतं, त्यामुळे संशोधकांचं लक्ष आता दुसऱ्या एका रसायनाकडे गेलं आहे. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड. ‘आनंद’ हा आपलाच शब्द, संस्कृतातून उचललेला. दमसास लागेल असा व्यायाम केल्यावर ते रक्तात वाढतं आणि ते मेंदूतही शिरू शकतं.

रसायनाचं नाव विसरलात तरी हरकत नाही, अनुभव महत्त्वाचा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थाल यांनी नैराश्याचं निदान झालेल्या, पन्नाशी गाठलेल्या १५६ जणांचे तीन गट केले: एकाला औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १९९९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. औषधाचा परिणाम लवकर दिसला, व्यायामाला वेळ लागला. तो व्यायाम देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा, नेमाने झाला होता हेही लक्षात ठेवायला हवं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. मन उतरलेल्या माणसाला हा आकडा डोंगराएवढा वाटतो. त्याने दहा मिनिटांपासून सुरू करावं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत.

## ‘उठावंसंच वाटत नाही, त्याचं काय?’

खरी अडचण हीच आहे, आणि बहुतेक सल्ले इथेच कोलमडतात.

आपली समजूत अशी असते की आधी मन लागतं, मग माणूस काम करतो. म्हणून आपण थांबतो, ‘बरं वाटलं की जाईन’. पण उतरलेल्या मनाचं चाक उलटं फिरतं. बरं वाटत नाही म्हणून भिशीला गेलो नाही. गेलो नाही म्हणून गप्पा झाल्या नाहीत. दिवसात चांगलं असं काही घडलंच नाही, म्हणून संध्याकाळी आणखी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी भाजीलाही गेलो नाही. डोपामाइनचा मुद्दा इथे येतो. चांगल्याची चव मिळणं थांबलं की मेंदू चांगल्याची अपेक्षा करणंही सोडतो, आणि अपेक्षा नाही तिथे उठण्याचं बळ येणार कुठून?

हे चाक फिरवण्याची एक पद्धत मानसोपचारात आहे, तिला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. सोप्या मराठीत, कृतीपासून सुरुवात. विहिरीवरची मोटर सुरू करण्याआधी शेतकरी तिच्यात वरून बादलीभर पाणी ओततो. आतली हवा निघाली की ती पाणी ओढू लागते. कोरडीच चालवली तर नुसती फिरते. मनातही आधी थोडं वरून ओतावं लागतं. उत्साह नसतानाच एक छोटं काम करायचं आणि उत्साहाला मागून येऊ द्यायचं.

याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला आहे. डॉ. विक्रम पटेल हे मानसोपचारतज्ज्ञ ज्या संस्थेचे सहसंस्थापक आहेत, त्या ‘सांगात’ने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. सांगात म्हणजे सोबत. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी बोलायला त्यांनी डॉक्टर नेमले नाहीत, मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसं शिकवून तयार केली. सहा ते आठ भेटी, केंद्रावर किंवा रुग्णाच्या घरी. भर याच गोष्टीवर, बंद पडलेली कामं आणि माणसं एकेक करून पुन्हा सुरू करणं. डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले होते, नुसते केंद्रातले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. महागड्या दवाखान्यात नव्हे, सरकारी केंद्राच्या बाकावर हे घडलं. मला ही बातमी आपल्याकडे घराघरांत पोहोचायला हवी होती असं फार वाटतं.

घरी करायचं तर शंभर पानी वही पुरते. दिवसाच्या तीन-चार ओळी: काय केलं, आणि नंतर कसं वाटलं त्याला दहापैकी गुण. आठवडाभराने आपलं आपल्यालाच दिसतं की काय केल्यावर गुण चढतात. मग ते काम वार आणि वेळ घालून ठरवायचं. ‘व्यायाम करीन’ असं लिहून उपयोग नाही. ‘मंगळवारी सव्वासातला वाण्यापर्यंत’ असं लिहायचं. आणि काम इतकं लहान निवडायचं की वाईट दिवशीही जमेल.

मावशीच्या वहीचं एक पान तिने मला दाखवलं. शिक्षिकेचं वळणदार अक्षर. ‘टीव्ही, तीन तास – ३. पडवीत चहा – ४. अबोलीची रोपं लावली – ६. पोस्टमनशी बोलले, त्याची मुलगी दहावीला – ७.’ सातच्या आकड्याभोवती तिने लाल पेनाने गोल केला होता.

## अनोळखी माणसाशी बोलून काय मिळतं?

शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकल गाडीच्या काही प्रवाशांना शेजारच्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणं नकोसं होईल असाच लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. मुंबईच्या लोकलमधल्या ग्रुपना हे कुणी सांगायला नको. सात-बावन्नच्या डब्यात भजनं होतात, वाढदिवस होतात, महिला डब्यात हळदीकुंकू होतं. निवृत्तीनंतर पगार जातो तसा हा डबाही जातो, आणि त्याची उणीव कुणी मोजत नाही. मावशीच्या बाबतीत शाळेची स्टाफरूम गेली होती.

## मोबाईल आणि चहा

थोडक्यात सांगते. रील पुढे सरकवताना ‘पुढचं चांगलं असेल’ ही अपेक्षा मेंदूला धरून ठेवते. ते बघून झाल्यावर गुण किती, हे वहीत लिहून बघा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही अंगात असतो. सहाला घेतलेला कडक चहा अकरालाही अर्धा जागाच असतो. झोप उडाली की दुसऱ्या दिवशीचं मन आधीच उतरलेलं.

## ‘नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक ना?’

तसं समजू नका. मन प्रसन्न करणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या ऑनलाइन सर्रास मिळतात. परदेशात लोकप्रिय असलेली सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतली तर घातक ठरू शकते, आणि ती गर्भनिरोधक गोळ्यांचा व रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करते. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तिचा थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

## हे सगळं करूनही मन वर येत नसेल तर?

आधी रक्त तपासून घ्या. थायरॉइड मंदावणं, हिमोग्लोबिन कमी असणं, ‘बी-१२’ची कमतरता, या सगळ्यांत माणूस थकलेला आणि उदास दिसतो. ‘बी-१२’ मुख्यतः दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं, म्हणून शुद्ध शाकाहारी घरांत ते विशेष बघावं. अशा वेळी नुसतं चालून भागणार नाही, कमतरता भरून काढावी लागेल.

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उतरलेलं असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो उपचार घेण्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ता कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

## घरातल्यांनी काय म्हणावं?

‘बाहेर जा, बरं वाटेल’ हे वाक्य मीही मावशीला दहा वेळा म्हटलं होतं. तिने ते दहाही वेळा ऐकलं आणि पडून राहिली. जिच्या अंगात उठायचं बळ नाही, तिला आपण आणखी एक काम नेमून देत होतो. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘लोकांना बघ किती दुःखं आहेत’ यांनी तर माणूस आणखी आत जातो.

आता शेजारच्या काकू सकाळी सातला बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, येऊन हाक मारतात. ‘वहिनी, मी उभी आहे, चपला घालून या.’ किती चालायचं हे कुणी ठरवत नाही. पाऊस जास्त असला तर दोघी पडवीतच बसतात, पूर्वेकडच्या त्या उघड्या टोकाशी. प्लास्टिक दसऱ्यापर्यंत सोडायचं नसतं, असं काकूंनी पहिल्या दिवशी सांगून पाहिलं. मावशीने ते टोक काही पुन्हा बांधलं नाही.